विरजण लागलं

वडगावातले माग एकदम थांबले की
कानात काहीतरी उरतं, आवाजासारखं.
तसंच वाटलं मला थिएटरात, तुला बाहेर काढलं तेव्हा.
तू वाटेनं आली नाहीस, बाई.
भिंत फोडून आणलं तुला.
येता येता अंगाला जे लागायचं
ते लागायचं राहूनच गेलं.

बारा वर्षं मी खडे बाजारातल्या लॅबमध्ये
लोकांच्या डब्या उघडते,
काचेवर फासते, रंग देते,
जांभळे किती, गुलाबी किती, मोजते.
त्या रात्री टाके ओढत होते
आणि मला एवढंच सुचत होतं :
हिच्या आत आत्ता कोण शिरत असेल?

पहिले शिरले ते वॉर्डातलेच असणार.
खाटेच्या लोखंडावरचे, सिस्टरच्या पेनावरचे,
तुझा बाबा कल्लाप्पा, त्याच्या
मागाचं तेल न सुटलेल्या बोटांवरचे.
त्यांनी फार काही केलं नाही.
आतली हवा खाल्ली,
चिमूट चिमूट, संपेस्तोवर.
ज्यांना हवेचा वाराही सोसत नाही
त्यांच्यासाठी अंधार नीट करून ठेवला,
आणि मग आपणच विरळ झाले.
घर सारवणारीला
त्या घरात राहायला मिळतंच असं नाही.

तिसऱ्या दिवशी दूध उतरलं.
दुधात एक साखर असते, ती तुला पचत नाही.
कॉलेजात शिकवलं तेव्हा मला खोटं वाटलेलं :
अंग आटवून करायचं
आणि त्यातला एवढा वाटा लेकराचा नाहीच?
नाही. तो त्यांचा.
टोकाला दोन फाटे फुटलेल्या काड्या असतात ना, तशा त्यांचा.
न बघितलेल्या माणसांची पंगत
मी दर दोन तासांनी, झोपेत, वाढत होते.

घरी आलो तर विरजण मेलेलं.
मी दवाखान्यात, आणि कल्लाप्पानं
सगळं दही भाकरीबरोबर संपवलेलं,
वाटी घासून पालथी.
भिंतीपलीकडून नीलव्वा आली, पदराखाली फुलपात्र.
"हेप्पु," म्हणाली.
मी म्हटलं, "विरजणच की."
"अदे," म्हणाली, आणि चुलीजवळ ठेवून गेली.

मी रोज वाटीभर खाल्लं. तुझ्यासाठी म्हणून.
फोनवर हुक्केरी सर हसले :
"अहो, एवढं शिकलात आणि दह्यावर भरवसा?
ते पाहुणे. जेवतात, हात धुतात, जातात.
वस्तीला राहणारे तुमच्यातूनच जायचे तिच्यात."
माझ्यातून?
मला सात दिवस सुईतून अँटिबायोटिक दिलेलं.
माझ्यातच कोण शिल्लक आहे, सर?
हे मी विचारलं नाही.
फोन ठेवला, तुला दुसऱ्या बाजूला घेतलं.

अकराव्या दिवशी बाजार बंद.
पाट्यांवरून पुन्हा कायतरी निघालेलं,
रिक्षाही नाहीत.
डायपर संपले, म्हणून माझ्या जुन्या इरकलीची
चार फडकी फाडली.
दुपारी एक सोडलं.
आधीचं ते काळं, डांबरासारखं, कधीच गेलं होतं.
मधलं हिरवंही गेलं होतं.
हे पिवळं, मोहरीच्या दाण्यांसारखे कण,
आणि मी,
रोज नाकाला मास्क लावून हेच काम करणारी,
मास्क नसताना वाकले.

घाण नव्हती.
आंबूस होतं. कोवळं आंबूस,
रात्री झाकलेल्या दुधाला
पहाटे येतं तसं.

नीलव्वा दारातच होती, वाटी परत न्यायला.
तिला काय सांगायचं, कुठल्या शब्दात,
पांढऱ्या काड्या, साखर, आम्ल?
फडकं पुढं केलं नुसतं.
तिनं तीन पोरं वाढवलीत. लांबूनच वास घेतला,
मान हलवली.
"हत्तितु, नोडव्वा."

वाटी घेऊन ती गेली.
तू झोपलीस, पोट वर-खाली,
अजून नाव नसलेली,
आणि आत कितीतरी जण, त्यांनाही नाव नाही
असं मी त्या दुपारपुरतं धरून चालले.
फडकं बादलीत टाकायचं होतं.
बराच वेळ टाकलं नाही.